टकटक

बिट्टीने तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचून टाकली, तेव्हा त्या अंधाऱ्या खोलीत कोणीतरी आपल्या कानाखाली सणसणीत वाजवल्यासारखं त्याला झालं. तिच्या नाकावरच्या तपासणीच्या जड फ्रेममध्ये त्याने नंबरच घातला नव्हता. एक काच वाढवणारी, तिच्यावर तितक्याच ताकदीची दुसरी कमी करणारी. दोन्ही मिळून खिडकीच्या तावदानाइतक्या कोऱ्या. पण समोरच्याला वाटतं, आपल्याला चष्मा लागला. वीस वर्षांच्या धंद्यात ही युक्ती त्याने कितीकांवर केली होती. मैत्रिणीला चष्मा लागला म्हणून हटून बसलेल्या मुली, काम टाळायला डोळ्यांचं कारण काढणारे कारकून, झालंच तर एक लग्न मोडू पाहणारा नवरामुलगा. दुकानात गमतीने तो तिला ‘खोट्याची काच’ म्हणायचा. आणि आज सुटीच्या दिवशी, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून, मागच्या बोळकांडीसारख्या खोलीत त्याने ती आपल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या नाकावर चढवली होती. आठ दिवसांपासून ती म्हणत होती, बाबा, मला लांबचं दिसत नाही. शाळा उघडायला तीन दिवस होते.

“अगं, दिसतंय की तुला चांगलं!” तो म्हणाला. म्हणाला कसला, त्याच्या तोंडून निघूनच गेलं, गिऱ्हाइकाला पकडल्यावर निघायचं त्याच थाटात, अर्धं हसत. बिट्टीने फ्रेम काढली. पकडली गेलेली माणसं त्याला चांगली ठाऊक होती. कोणी मान खाली घालतं, कोणी ओशाळं हसतं, कोणी उलट अंगावर येतं. बिट्टीने यातलं काहीच केलं नाही. ती त्याच्याकडे तोंड उघडं टाकून बघत राहिली. “मला दिसलं?” तिने विचारलं. मग वळून तक्त्याकडे बघितलं, डोळे बारीक केले, मान पुढे काढली. “आता गेलं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात नाटकाचा मागमूस नव्हता, घाबरलेपण तेवढं होतं. आणि तिच्याहून जास्त घाबरून तो भिंतीवरचं दिव्याचं बटण चाचपत राहिला. रोज शंभर वेळा दाबायचं बटण, पण हात भलतीकडेच जात होता.

घरी जाताना तिने त्याचं बोट धरलं होतं. पदपथावरचा उखडलेला दगड तिने बरोबर ओलांडला. समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला वाट दिली. चौकापलीकडच्या खांबावर बसलेलं मांजर तिने त्याच्याआधी बघितलं आणि “बाबा, ते बघ” असं म्हणालीसुद्धा. म्हणजे डोळे ठणठणीत आहेत, त्याच्यातला चष्मेवाला म्हणत होता, पोरगी तुला चक्क बनवते आहे. आणि त्याच्यातल्या बापाला ‘मला दिसलं?’ हे दोन शब्द सोडत नव्हते. पकडल्यावर माणूस इतकं खरं दचकू शकतं का? शाळेची आठवण निघाली तसं तिचं बोट त्याच्या मुठीत ओलं झालं. आठवण त्यानेच काढली होती. नवीन वह्यांना कव्हरं घालायची आहेत ना, एवढंच तो म्हणाला होता. हो, ती म्हणाली, आणि त्यापुढे घर येईपर्यंत एकदाही तिने कुठे बघ म्हटलं नाही.

ज्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे तो अवघड गिऱ्हाइकं पाठवायचा, त्यांना त्याने जिन्यातूनच फोन लावला. बिट्टीला वर पाठवून दिलं आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर कठड्याला टेकून उभा राहिला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांच्या मागचं तपासायला परवा घेऊन या, ते मी बघीनच, म्हणाल्या. मग विचारलं, “तिला सांगितलंत का, की काच कोरी होती?”

“तसं नाही सांगितलं. पण दिसतंय की तुला, असं म्हणून गेलो.”

“हं.” बाई म्हणाल्या. “हे बघा, तुम्ही धंद्यातले आहात म्हणून स्पष्ट सांगते. बहुतेक ती खोटं बोलत नाहीये. पोटात गोळा आला की पोट खरंच दुखतं ना, तसं हे. डोळे बघतात, पण पोरीला दिसत नाही. शाळा उघडायच्या सुमारास माझ्याकडे दरवर्षी अशी दोन-तीन येतात. कोणाचे डोळे, कोणाचे कान, कोणाचा पाय उचलत नाही. डोळ्यांचा विषय काढू नका. काय बघायचं नाहीये तिला, ते शोधा. आणि ओरडू नका हो.”

ओरडलो कुठे, हसलो, असं त्याला म्हणायचं होतं. फोन ठेवल्यावरही तो कठड्याला धरून तिथेच उभा होता. काय बघायचं नाहीये तिला. वरच्या मजल्यावर कोणाचा तरी नळ वाहत होता, कोणीतरी कुकरचं झाकण बदडत होतं. रोजचे आवाज. आणि या रोजच्या आवाजांत, आपल्याच घरात, आपल्याच नजरेसमोर एक पोर आठ दिवस आंधळी होत चालली होती आणि आपण तिला लाडात म्हणत होतो, मोबाईल कमी बघ, गाजर खा. गेल्या वर्षी शाळेत काही झालं होतं का? त्याने आठवून बघितलं. बक्षीस समारंभ, सहल, पायाला लागलेलं, एकदा डबा हरवलेला. काही नाही. मुलीची शाळा कशी चाललीये असं कोणी विचारलं की तो “मस्त” म्हणायचा, आणि ते सांगताना कधी अडखळला नव्हता.

बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. ती आली तशी चपला काढतानाच त्याने तिला सगळं हळू आवाजात सांगितलं. ती ओट्यापाशी जाऊन पाणी प्यायली, पेला विसळला, पालथा घातला, पुन्हा सुलटा केला.

“कपाट असेल,” ती म्हणाली.

“कसलं कपाट?”

तिने वळून त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात अशी नजर त्याने तिच्याकडून एकदोनदाच झेलली होती. “अरे, तूच तर सांगत फिरायचास सगळ्यांना! आदिमानवाचं.”

आणि मग त्याला आठवलं. आठवायला वेळही लागला नाही, कारण विसरला असा तो कधी नव्हताच. त्याच्या लेखी ती एक झकास गंमत होती आणि गमतींच्या कप्प्यात ती टवटवीत पडून होती. वर्गात फळ्यावरचं एकेकाने उठून मोठ्याने वाचायचं होतं. ‘आदिमानव कळपात राहत असे’ असं लिहिलेलं, आणि बिट्टीने खणखणीत आवाजात वाचलं, ‘आदिमानव कपाटात राहत असे.’ संध्याकाळी दुकानात येऊन तिने ते त्याला सांगितलं. काउंटरवर गिऱ्हाईक होतं, एक म्हातारेसे गृहस्थ, वाचायचा चष्मा न्यायला आलेले. त्याला हसू आवरेना. गृहस्थांनाही आवरेना. दुपार कंटाळवाणी गेली होती आणि असा विनोद आयता चालत आला होता. “मग हँगरला लटकून झोपायचा का गं?” असं त्याने विचारलं होतं. पुढे तो किस्सा तो तिखटमीठ लावून सांगू लागला. पाहुणे आले की, “बिट्टे, कपाटातल्या आदिमानवाला चहा विचार.” आते आली की, मामा आला की, चष्म्याच्या काचा पुरवणारा विक्रेता आला की. सगळे पोट धरून हसायचे. बिट्टीही हसायची, असं त्याला आत्ता या क्षणापर्यंत वाटत होतं. त्याने डोळ्यांपुढे तिचा तो चेहरा आणायचा प्रयत्न केला. पाहुण्यांचे चेहरे आले, दात आले, उड्या मारणारी पोटं आली. बिट्टी जिथे उभी असायची, दाराच्या चौकटीशी, तिथे मोकळी चौकट तेवढी दिसत होती.

“पण हे तर वर्षभरापूर्वीचं,” तो म्हणाला. “इतक्या लहान गोष्टीवरून?”

“मला काय माहीत? तिलाच विचार. मीही हसलेच होते तेव्हा,” बायको म्हणाली, आणि पेला घेऊन उगीचच पुसत बसली.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान दुपारनंतर उघडायचं ठरवलं आणि बिट्टीला घेऊन वह्यांना कव्हरं घालायला बसला. खाकी कागद, कात्री, चिकटपट्टी. समोरासमोर बसलं की पोरं बोलत नाहीत, हाताला काम असलं की बोलतात, असं डॉक्टरीणबाईंनी रात्री निरोपात लिहून पाठवलं होतं. त्याने कडा दुमडल्या, तिने पट्टी लावली. दोन वह्या झाल्या. तिसरीला तो म्हणाला, “बिट्टे, ते कपाटाचं. शाळेत अजून कोणी म्हणतं का गं तुला तसं काही?”

तिने पट्टी दाताने तोडली. “आधी नुसतं म्हणायचे. कपाट आली, कपाट आली. मग टकटक करायला लागले.”

“टकटक म्हणजे?”

“म्हणजे इथे.” तिने आपल्या डोक्याला हात लावला. “आणि पाठीवर. मागून येऊन टकटक करायचं आणि विचारायचं, आत कोण आहे? मग सगळ्यांनी ओरडायचं, आदिमानव. रांगेत असलं तरी करतात. बाई फळ्यावर लिहीत असल्या तरी. मागे बघितलं की कोणीच नसतं, सगळे लिहीत असतात.”

“मग तू सांगायचंस ना आम्हाला!”

“तुला सांगितलं होतं,” बिट्टी म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही. वही कुठली, असं विचारल्यावर गणिताची असं सांगावं, तितक्या साधेपणाने. “तू काच घासत होतास. मी म्हटलं, मुलं मला टकटक करतात. तू म्हणालास, कशी? मी म्हटलं, डोक्यावर. मग तू पण केलंस.”

कात्री त्याच्या हातात होती ती तशीच राहिली. केलंस म्हणजे काय केलं, असं विचारायची गरज नव्हती, कारण त्याचा उजवा हात ते सांगत होता. आठवण डोक्यात येण्याआधी बोटांच्या पेरांत आली. घासायच्या यंत्राचं पाणी लागून ओला झालेला हात, मधल्या बोटाचं वाकवलेलं पेर, आणि त्याखाली पोरीचं तेल लावून चापून बसवलेलं डोकं; कवटीचा तो लहान, घट्ट, ओळखीचा आवाज. टक टक. “आहे का कोणी आत?” प्रेमानेच केलं होतं. यंत्र चालू होतं, तिचं अर्धंच ऐकलं होतं, पुढचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. तिने काय उत्तर दिलं होतं? काही दिलं होतं का? तिच्या बाजूने त्या दुपारचं काहीच त्याच्याजवळ नव्हतं, फक्त हा पेरातला आवाज. आणि तो आता थांबेना. स्वतःच्या लहानपणात त्याने धाव घेतली, आपल्यालाही कोणीतरी असं छळलं असेल, त्याच्या आधाराने पोरीपाशी जाता येईल, म्हणून. पण हाताला लागलं ते भलतंच. पुढच्या बाकावर बसणारी एक मुलगी, जिला प म्हणताना अडायचं. मधल्या सुटीत तिला गाठून ‘पिवळा पतंग’ म्हणायला लावायचं, आणि ती पि पि पि करत लाल झाली की टाळ्या पिटायच्या, हा उद्योग त्याचाच होता. कल्पना त्याची, टाळ्याही पहिल्या त्याच्याच. सहामाहीनंतर ती शाळेत दिसली नाही. कुठे गेली, कोणी विचारलं नाही, त्यानेही नाही. तिचं नाव आठवेना, चेहरा आठवेना. दोन वेण्यांमधली मान तेवढी स्पष्ट आठवत होती, कारण तो कायम तिच्या मागे असायचा. चाळीस वर्षं तो स्वतःला साधा, कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस समजत आला होता.

“बाबा, कागद वाकडा कापलास,” बिट्टी म्हणाली.

“बिट्टे, मी चुकलो गं.” हे वाक्य इतकं लहान कसं निघालं याचंच त्याला नवल वाटलं. “फार चुकलो. मी हसायला नको होतं. आणि ते... टकटक तर नकोच होतं.”

तिने वाकडा कागद सरळ करून घेतला. “हसू येण्यासारखंच होतं ते. दुसऱ्या कोणी वाचलं असतं तर मीपण हसले असते. पण तू सगळ्यांना सांगितलंस.” मग कागदाची कड बोटाने दाबत तिने विचारलं, “किती जणांना सांगितलंस?”

तो आठवू लागला. म्हातारे गृहस्थ. आते, मामा. विक्रेता. शेजारचा औषधवाला. फ्रेम दुरुस्तीला येणाऱ्या त्या दोघी बहिणी. मग चेहरे एकात एक मिसळू लागले. त्यांतल्या एखाद्याची पोरं बिट्टीच्याच शाळेत असतील, हेही आत्ता पहिल्यांदा डोक्यात आलं.

“आठवत नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे खूप,” बिट्टी म्हणाली, आणि तिने पुढची वही ओढली.

त्या रात्रीपासून शाळा उघडेपर्यंत तो खुळ्यासारखा वागत होता, असं बायको नंतर म्हणाली. दुकानात एका बाईंना त्याने डाव्याचा नंबर उजव्याला लिहून दिला. विक्रेता आला आणि सवयीने म्हणाला, “काय म्हणतोय तुमचा आदिमानव?” तेव्हा त्याने हातातलं फ्रेमचं खोकं खाली ठेवलं आणि म्हणाला, “ते पुन्हा बोलायचं नाही.” विक्रेता हसला, थट्टाच वाटली त्याला. “पोरीला त्रास झालाय त्याचा,” तो म्हणाला, “माझ्यामुळे.” मग दोघांनाही कुठे बघावं ते कळेना, आणि विक्रेत्याने विनाकारण पेटी उघडून काचा पुन्हा मोजल्या. डॉक्टरीणबाईंनी डोळे मागून-पुढून तपासले. काही नव्हतं. बिट्टीला त्या म्हणाल्या, “तुझे डोळे दमलेत. ते आपले आपण ताजेतवाने होतील, घाई करायची नाही.” बाहेर आल्यावर त्याला म्हणाल्या, “शाळेला दांडी नको. पण एकदम खोल पाण्यात ढकलूही नका. आधी रिकामी शाळा दाखवा.”

तपासणी झाली त्याच दुपारी, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, तो तिला रिकामी शाळा दाखवायला घेऊन गेला. नव्या वर्गाच्या बाई स्टुलावर चढून भिंतीला चित्रं टाचत होत्या. तोंडात टाचण्या होत्या म्हणून त्यांनी मानेनेच या म्हटलं. बिट्टीला बाकांमधून फिरू दिलं आणि तो बाईंशी दाराबाहेर बोलला. त्याला वाटलं होतं बाई म्हणतील, मुलं आहेत, चालायचंच. त्या म्हणाल्या, “मागच्या वर्षी मी शेजारच्या वर्गावर होते. तो ‘आदिमानव’चा ओरडा मला ऐकू यायचा. खेळ वाटला मला.” त्यांचा चेहरा उतरला होता. मग त्या आत गेल्या, बिट्टीच्या शेजारच्या बाकावर अंग चोरून बसल्या आणि म्हणाल्या, “मोठ्याने वाचायचं तुझ्यावर कधीच येणार नाही. तू स्वतः हात वर केलास तरच. आणि मागून कोणी काही केलं, तर तू मागे बघायचं नाही, माझ्याकडे बघायचं. बाकीचं माझं काम.” बिट्टीने विचारलं, “तुम्ही मला दिसला नाहीत तर?” बाई गोंधळल्या, त्याच्याकडे बघितलं, मग म्हणाल्या, “तर मला हाक मार. मी येईन तिथे.”

पहिल्या दिवशी सकाळी ती शहाण्यासारखी उठली, गणवेश घातला, दूध प्यायली. फाटकापाशी आली आणि ते सगळं दूध त्याच्या बुटांवर ओकली. भोवती पोरांचा गलका, आयांच्या सूचना, दप्तरांची ढकलाढकल. दोन-चार पोरांनी वळून बघितलं. त्याला वाटलं, तिला उचलावं आणि सरळ घरी न्यावं. तिला नव्हे, स्वतःलाच इथून न्यावं. त्याऐवजी तो फाटकाबाहेरच्या कठड्यावर बसला, तिला शेजारी बसवलं, पाण्याने तिचं तोंड पुसलं. घंटा झाली. गलका आत ओढला गेला. फाटक बंद करता करता पहारेकरी म्हणाला, “काय ताई, पहिल्याच दिवशी उशीर?” डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, बायकोने सांगितलेलं, सगळं त्याच्या डोक्यातून पुसून गेलं होतं. तो फक्त बसून राहिला. तिचा श्वास आधी कुत्र्याच्या पिल्लासारखा भरभर चालला होता, मग लांबला. आतून हजेरीचे आवाज आले. एका वर्गाने एका सुरात काहीतरी म्हटलं.

“बाबा, माझं नाव झालं असेल का घेऊन?”

“नसेल अजून.”

ती उभी राहिली. दप्तर पाठीवर चढवलं, पट्टे ओढून घेतले. दोन पावलं जाऊन परत आली. “मी आत जाईपर्यंत इथेच थांब. हात बित हलवू नकोस. हसू पण नकोस. नुसता थांब.”

“थांबतो,” तो म्हणाला.

पहारेकऱ्याने फाटक फटीएवढं उघडलं. आत सगळं मैदान मोकळं पडलं होतं, आणि पलीकडे तीन मजल्यांच्या खिडक्यांची रांग. ती चालू लागली. रोज याच फाटकाशी सोडून, स्कूटर वळवून, मागे न बघता तो दुकानाकडे गेला होता, कित्येक वर्षं; हे मैदान एवढं लांब असेल असं त्याच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं. मध्यावर ती थांबली. तिने दप्तर सावरलं आणि पुन्हा चालू लागली, खिडक्यांकडे न बघता, मान ताठ ठेवून, एखाद्या मोठ्या बाईसारखी. पायऱ्यांपाशी पोचल्यावर ती वळली आणि फाटकाकडे तोंड करून उभी राहिली. डोळे बारीक केले आहेत की नाही, ते इतक्या लांबून त्याला कळेना. आपण तिला दिसतो आहोत का, तेही कळेना. त्याचा हात आपोआप वर यायला निघाला होता. त्याने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला, आणि ओल्या बुटांनिशी, न हसता, तो तिथेच उभा राहिला.